जातगणना ठरली, पण जातीच्या रकान्यात नेमके काय लिहिले जाणार?

धागाकर्ता

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहारविषयक समितीने आगामी जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय घेतला. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाणार तो दिवस, ठरली. तरीही आपल्याकडील चर्चा अजून ‘जात मोजावी की मोजू नये’ याच प्रश्नाभोवती फिरते आहे. माझ्या मते त्या प्रश्नाचा निकाल लागला आहे आणि त्याहून अवघड असलेला दुसरा प्रश्न कोणी फारसा हाती घेत नाही. प्रगणक जात विचारील, माणूस काहीतरी सांगेल; ते सांगणे कोणत्या यादीशी आणि कोणत्या नियमाने जुळवले जाईल? सगळ्या मोजणीची किंमत या एका गोष्टीवर ठरणार असल्यामुळे हा धागा काढतो आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी जातवार आकडे प्रसिद्ध होत असत. १९४१ साली महायुद्धामुळे जातीचे तक्ते तयारच झाले नाहीत आणि १९५१ पासून केवळ अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती मोजल्या जाऊ लागल्या. जातीचे तक्ते वगळण्याच्या या निर्णयावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्ये अत्यंत कडक शब्दांत टीका केली होती. शब्दकोशातून शब्द काढला म्हणून ती वस्तू जगातून नाहीशी होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी काका कालेलकर आयोगानेही १९६१ च्या जनगणनेत जात नोंदवावी अशी शिफारस केली, पण ती मानली गेली नाही. परिणामी १९८० साली मंडल आयोगाला इतर मागासवर्गीयांचे ५२ टक्के हे प्रमाण काढण्यासाठी १९३१ च्या आकड्यांचा आधार घ्यावा लागला. ज्या जनगणनेत आजचा पाकिस्तान, बांगलादेश आणि त्या वेळचा ब्रह्मदेशही धरलेला होता, तिच्यावर स्वतंत्र भारतातील एवढा मोठा निर्णय उभा राहिला, ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते.

२०११ साली ही उणीव भरून काढण्याची संधी आली होती. सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना झाली, तिच्यावर साडेचार हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आणि जातींची म्हणून ४६ लाखांहून अधिक नावे गोळा झाली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार राज्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून अधिकृत याद्यांमध्ये ४९४ जाती आहेत, तर त्या गणनेत ४,२८,६७७ नावे आली. हे आकडे सदोष ठरवून जातीची माहिती कधीच प्रसिद्ध केली गेली नाही.

एवढी नावे आली कोठून? लोकांनी खोटे सांगितले म्हणून ती आली असे मला वाटत नाही. प्रगणकाच्या हाती जातींची तयार यादी नव्हती आणि जे कानावर पडले ते टंकले गेले. आपल्याकडे ‘तुमची जात कोणती’ या प्रश्नाला कोणी आडनाव सांगतो, कोणी कूळ, कोणी पोटजात, कोणी पिढीजात व्यवसाय. त्यात लेखनातील फरकांची भर पडते. गोंदिया-भंडाऱ्याकडे पोवार ही जात आहे, तर पवार हे आडनाव मराठ्यांपासून पारध्यांपर्यंत अनेकांचे आहे. एका मात्रेच्या चुकीने माणूस एका समाजातून दुसऱ्या समाजात जातो. ‘धनगर’ आणि ‘धनगड’ या दोन शब्दांमधील एका अक्षरावर तर कित्येक वर्षांचे आंदोलन उभे आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘ओरान, धनगड’ म्हणजे आम्हीच, हे धनगर समाजाचे म्हणणे मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्य केले नाही. जिथे एका अक्षराला एवढे वजन आहे, तिथे टंकलेखन कोणत्याही यादीविना कसे चालेल?

हे काम अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. जनगणना कार्यालय भाषेच्या बाबतीत ते दर वेळी करते. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली होती; छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि पुढे गटवारी करून १२१ भाषांची यादी प्रसिद्ध झाली. भाषेची छाननी भाषाशास्त्राच्या आधारे होते, जातीची छाननी मात्र केवळ कार्यालयात बसून होऊ शकणार नाही, एवढाच मोठा फरक आहे. जातींची आणि पोटजातींची राज्यवार यादी आधी प्रसिद्ध व्हावी, तिच्यावर हरकती मागवाव्यात आणि कोणते नाव कोणत्या नावात मिळवले याचा नियम सर्वांना वाचता यावा, अशी माझी मागणी आहे. आणि ही यादी सर्व जातींची असावी; केवळ मागास ठरलेल्यांची नव्हे. जमीन, नोकऱ्या आणि उच्च शिक्षण कोणाकडे किती आहे हे कळायचे असेल, तर ज्यांना आजवर जातीचा दाखला काढण्याची गरजच पडली नाही त्यांचीही जात नोंदवली गेली पाहिजे.

प्रतिसाद १

माझा या मोजणीलाच विरोध आहे आणि तो नोंदवणे मला आवश्यक वाटते. १९०१ च्या जनगणनेत तेव्हाचे जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने लावण्याचा घाट घातला. त्यानंतर देशभर जातिसभा उभ्या राहिल्या आणि आम्हाला क्षत्रिय लिहा, आम्हाला वैश्य लिहा, असे अर्ज जनगणना अधिकाऱ्यांकडे येऊ लागले. गावोगावी ज्या सीमा काहीशा सैल होत्या, त्या सरकारी रकान्याने पक्क्या केल्या. आज अर्जांची दिशा बदललेली असेल, पण रकान्याचे सामर्थ्य तेच आहे.

दुसरे असे की माझा विवाह आंतरजातीय आहे. आम्ही दोघांनी घरात जातीचा उच्चार होऊ नये म्हणून पंचवीस वर्षे प्रयत्न केला. आता माझ्या मुलींना सरकारच विचारणार की तुम्ही कोण. त्यांनी वडिलांची जात सांगावी की आईची? आणि दोन्ही सांगायची नसेल तर त्यांच्या उत्तराला तुमच्या त्या यादीत जागा कोठे आहे?

प्रतिसाद २

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि २०११ च्या त्या गणनेत प्रगणक म्हणून काम केले आहे. धागाकर्त्यांनी कारणे बरोबर सांगितली आहेत, पण प्रत्यक्षात काय होत होते ते लिहिते.

प्रश्न मी विचारत असे आणि सोबतचा मुलगा उत्तर टॅब्लेटवर भरत असे. ‘जात?’ असे विचारले की निम्म्या घरांत आधी ‘पाटील’, ‘देशमुख’, ‘कुलकर्णी’ अशी उत्तरे येत. पुन्हा विचारले की ‘आम्ही शेतकरी’ असे उत्तर येई. एका वस्तीत पहिल्या घराने ‘माळी’ सांगितले, शेजारच्याने ‘फुलमाळी’ आणि तिसऱ्याने ‘जिरेमाळी’. तिघे एकमेकांचे नातेवाईक नव्हते, पण तिघांचे जातीचे दाखले ‘माळी’ या एकाच नोंदीखाली निघतात. आमच्या भागात लिंगायत समाज मोठा आहे. कोणी धर्म लिंगायत सांगे, कोणी जात लिंगायत सांगे, तर कोणी हिंदू लिंगायत वाणी. यातले काय कोठे लिहायचे हे आम्हाला प्रशिक्षणात कोणीही सांगितले नव्हते, आणि दुपारपर्यंत ठरलेली घरे संपवायची असल्यामुळे आम्हीही फार खोलात गेलो नाही. ही चूक आमची होती हे मी मान्य करते.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दारात उभे राहून प्रश्न विचारताना आजूबाजूला चार माणसे जमलेली असत. भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबातील बाई जातीच्या प्रश्नावर गप्प झाल्या, शेजाऱ्यांकडे पाहिले आणि ‘लिहा काहीही’ म्हणाल्या. मागाहून लक्षात आले की जात कळली तर घर सोडावे लागेल अशी त्यांना भीती होती. या वेळी लोकांना स्वतः ऑनलाइन माहिती भरता येणार आहे ते चांगले आहे, पण ज्यांना ते जमणार नाही त्यांना हा प्रश्न घराच्या आत, बसून, एकांतात विचारला जावा असा स्पष्ट आदेश निघाला पाहिजे.

धागाकर्ता

शिक्षिकाताईंचे मनापासून आभार. दारातल्या प्रश्नाचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो यादीइतकाच महत्त्वाचा आहे.

यावरून कायद्यातील एक तरतूद सांगतो. २०११ ची जातनिहाय गणना १९४८ च्या जनगणना कायद्याखाली झाली नव्हती. येणारी होणार आहे. या कायद्याच्या कलम १५ नुसार प्रगणकाने केलेली नोंद पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि ती दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्यावा. जात सांगितल्याने ती घरमालकाला किंवा कार्यालयातील वरिष्ठांना कळण्याची वाट कायद्याने बंद आहे. त्याचबरोबर जनगणनेत एखादी जात सांगितल्याने तिचा दाखलाही मिळत नाही.

ही दुसरी बाजू मराठवाड्यात विशेष महत्त्वाची ठरेल. हैदराबाद गॅझेटमधील, म्हणजे निजामकाळातील, नोंदींच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासंबंधीचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी निघाल्यापासून ‘मराठा’ लिहायचे की ‘कुणबी’ हा प्रश्न अनेक घरांत आहे. एकाच घरात एका भावाकडे कुणबी दाखला आणि दुसऱ्याकडे नाही, अशीही स्थिती आढळते. जनगणनेतील उत्तराचा दाखल्याशी संबंध नाही हे शासनाने आधीच निःसंदिग्धपणे सांगितले, तर लोक स्वतःला जे समजतात ते सांगतील. ते सांगितले नाही, तर दोन्ही बाजूंच्या सभांमधून ‘अमुकच लिहा’ असे आदेश सुटतील आणि त्या आकड्यांतून खरे काही कळणार नाही.

प्रतिसाद ३

कलम १५ चा आधार पुरेसा नाही. व्यक्तीची नोंद गुप्त राहील, पण तालुकावार एकत्रित आकडे तर प्रसिद्ध होतीलच. हैदराबाद गॅझेटमध्ये तरी दुसरे काय आहे? व्यक्तींची नावे नाहीत, त्या काळच्या जातवार संख्या आहेत. आणि शंभर वर्षांनंतर त्याच संख्या आरक्षणाच्या लढ्यात पुढे आल्या. आज छापलेला आकडा उद्याचे गॅझेट होईल. यात वाईटच आहे असे मी म्हणत नाही, पण आकड्यांचा दाखल्याशी संबंधच नाही असे लोकांना सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आकडे नसले म्हणजे काय होते तेही आपण पाहिले आहे. ४ मार्च २०२१ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षण तिहेरी चाचणीच्या अटीवर अडवले : समर्पित आयोग, संस्थानिहाय अनुभवाधारित माहिती आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा. माहितीच नव्हती, म्हणून निवडणुका रखडल्या. मग राज्याने नेमलेल्या बांठिया आयोगाने मतदारयाद्यांमधील आडनावांवरून जात ओळखण्याची पद्धत वापरली आणि ओबीसींचे प्रमाण ३७ टक्के काढले. जाधव, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावे किती समाजांत आहेत हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? आयोगाचे अध्यक्ष स्वतः २००१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. तेव्हा हा दोष जाणकारीच्या अभावाचा नव्हता, हाताशी दुसरे साधनच नव्हते.

प्रतिसाद ४

प्रतिसाद १ मधील व्यथा मी वेगळ्या बाजूने ओळखतो. माझ्या आजोबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. जात मागे टाकण्यासाठीच तो मार्ग होता. पुढच्याच जनगणनेत त्यांनी धर्म बौद्ध सांगितला आणि त्याबरोबर अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींमधून आमचे घर बाहेर पडले, कारण अनुसूचित जातींची यादी ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. तो १९९० मध्ये झाला. आजही अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ अशी जात नाही. धर्म बौद्ध सांगून पुन्हा जात ‘महार’ सांगितली तरच आमची मोजणी अनुसूचित जातीत होते. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध होते. त्यांतील प्रत्येक घरात या एका रकान्यावर बोलणे झालेले असते. तरुण मुले ‘आता पुन्हा तो शब्द का’ असे विचारतात आणि त्यांना उत्तर देणे सोपे नसते.

तरीही माझा या मोजणीला पाठिंबा आहे. गावाने आम्हाला कधी बौद्ध म्हणून वेगळे वागवले नाही. वागणूक जुन्या नावानेच मिळाली. जी गोष्ट लोकांच्या वागण्यात आहे ती सरकारी कागदावर नसली, तर तिच्याविरुद्ध बोलायला आधार उरत नाही. केवळ एवढीच अपेक्षा आहे की प्रत्येक धर्माच्या माणसाला हा प्रश्न विचारला जावा. मोमीन, तांबोळी, बागवान, नदाफ हे मुस्लिम समाजही राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांची आणि धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबांची जात ‘लागू नाही’ म्हणून सोडून देऊ नये.

प्रतिसाद ५

भटक्या-विमुक्तांमध्ये काम करणारा कार्यकर्ता म्हणून दोन गोष्टी मांडतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, त्यांना ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून मुक्ती मिळाली. पण त्यानंतर त्यांची स्वतंत्र मोजणी एकदाही झाली नाही. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने नेमलेल्या रेणके आयोग आणि इदाते आयोग या दोघांनाही अंदाजांवरच काम करावे लागले. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये, तेलंगणात अनुसूचित जमातींमध्ये आणि कर्नाटकात अनुसूचित जातींमध्ये आहे. म्हणून प्रगणकाने प्रवर्ग विचारूच नये. त्याने जात लिहावी आणि प्रवर्ग नंतर यादीवरून लावला जावा. आमच्या पालावरचा माणूस ‘एनटी-बी’ (भटक्या जमाती-ब हा प्रवर्ग) म्हणजे काय हे सांगू शकत नाही, पण आपण जोशी आहोत, वैदू आहोत की गोसावी, हे त्याला पक्के ठाऊक असते.

दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत आहे. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतील लाखो माणसे त्या वेळी साखर कारखान्यांच्या परिसरात, नाही तर कर्नाटकात, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहत असतात. ती वंजारी, बंजारा, दलित, धनगर, मराठा अशा अनेक जातींची आहेत. त्यांच्या गावच्या घराला कुलूप असणार आणि कोपी प्रगणकाच्या घरयादीत असेलच असे नाही. पहाटे फडात गेलेला माणूस रात्री परत येतो. जातींची यादी कितीही निर्दोष केली, तरी ही माणसे निसटली तर नेमक्या सर्वांत गरजू जातींची संख्या कमी दिसेल. प्रत्येक कारखान्याच्या परिसरासाठी वेगळे प्रगणक नेमून रात्रीची मोजणी व्हावी, एवढी मागणी सर्वांनी उचलून धरावी.

प्रतिसाद ६

यादीच्या प्रश्नावर बिहारचे उदाहरण उपयोगी पडेल. तिथे राज्याने केलेल्या सर्वेक्षणात जातींना आधीच संकेतांक दिले होते आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी २१५ जातींचे आकडे जाहीर झाले. काही समाजांनी आपली संख्या कमी दाखवल्याची तक्रार केली, पण ४६ लाख नावांचा गोंधळ झाला नाही. त्या आकड्यांच्या बळावर वाढवलेले ६५ टक्के आरक्षण पाटणा उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये रद्द केले, हेही ध्यानात घ्यावे. मोजणी टिकली, तिच्यावरचा निर्णय टिकला नाही.

धागाकर्ता

प्रतिसाद ३ मधील हरकत मला मान्य आहे. संबंध नाही असे म्हणण्याऐवजी ‘व्यक्तीच्या दाखल्याशी थेट संबंध नाही’ असे म्हणायला हवे होते. ऊसतोडीचा मुद्दा तर मूळ लेखातच यायला हवा होता. मोजणीच्या काळाची आणि गळिताच्या हंगामाची सांगड मला घालता आली नाही.

प्रतिसाद १ मध्ये विचारलेला प्रश्न मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. जन्माने मिळालेली जात न सांगण्याचा आपल्या मुलींचा अधिकार मी पूर्णपणे मानतो. आपल्या विरोधातील इतिहासही खरा आहे. पण रिस्ले यांच्या काळात रकान्याला जातींचा क्रम लावायचा होता. आज आपण क्रम विचारत नाही, कोणाच्या वाट्याला काय आले हे विचारतो आहोत. इतर मागासवर्गीयांमध्येच काही थोड्या जातींकडे बहुतेक केंद्रीय नोकऱ्या आणि प्रवेश गेले, तर शेकडो जातींना एकही जागा मिळाली नाही, असे ओबीसींच्या उपवर्गीकरणासाठी नेमलेल्या न्या. रोहिणी आयोगाच्या विश्लेषणातून पुढे आले होते. त्या शेकडो जातींमधील माणसे किती आहेत, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. ते कळण्यासाठी रकान्याशिवाय दुसरा मार्ग मला दिसत नाही.

२०११ च्या गणनेत महाराष्ट्रातील सुमारे १ कोटी १७ लाख लोकांची नोंद ‘जात नाही’ अशी झाली, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. आपल्या मुलींसारखे जात विचारपूर्वक नाकारणारे, ज्यांना आपली जात खरोखर ठाऊक नाही असे, शिक्षिकाताईंनी सांगितलेल्या त्या बाईंसारखे भीतीने गप्प राहिलेले आणि प्रगणकाने घाईत सोडून दिलेले, हे सगळे त्या एका नोंदीत मिसळून गेले. यादीत ‘जात मानत नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘सांगण्यास नकार’ असे तीन स्वतंत्र संकेतांक असावेत आणि आई-वडिलांच्या जाती भिन्न असल्यास दोन्ही लिहिण्याची सोय असावी. म्हणजे आपल्या मुलींचे उत्तरही मोजले जाईल आणि त्यांच्यासारखी उत्तरे देणारे महाराष्ट्रात किती जण आहेत हे पहिल्यांदाच समजेल. यादीचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला तर ही सूचना आपण दोघांनी मिळून लिहावी, अशी माझी इच्छा आहे; मोजणीला असलेला आपला विरोध त्याच पत्रात आपल्या शब्दांत नोंदवण्यास माझी काहीच हरकत नाही.